दाजींच्या मोटारीचा विमा

केज, कार्तिक वद्य षष्ठी, शके १८५८

गहिनीनाथ, तुझ्या अक्काचा आशीर्वाद.

यंदाच्या भाऊबीजेलाही मी चंद्रालाच ओवाळलं. चंद्र रुसत नाही हे खरं, पण "अक्का, अनारसे कडक झालेत" असंही तो म्हणत नाही. ताट तसंच उचलून आत आणलं. असो. रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाही, काम आहे म्हणून लिहिते.

तू सोलापुरात मोटारींचे विमे उतरवतोस असं बार्शीच्या मामींनी कळवलं. आमच्या मोटारीचा विमा उतरवायचा आहे. हो, त्याच मोटारीचा. पत्र फाडायचं असेल तर एवढं वाचून मग फाड.

तुझी भाची कौशल्या पहिलटकरीण आहे. सातवा नुकताच लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि आठवा लागला की तलवाड्याची सासरची माणसं तिला वेशीबाहेर पाऊल टाकू द्यायची नाहीत, म्हणजे आणायची ती याच महिन्यात. तुझ्या दाजींनी भर बाजारात सांगून ठेवलंय की लेक आणीन तर मोटारीतूनच, आणि मुराळी म्हणून मीच जाईन. मोटार चालवणारही तेच. हे बबनराव व्याह्यांच्या कानावर गेलं. त्यांचा माणूस काल निरोप घेऊन आला. "आमचे मालक म्हनले, सुंदररावांच्या मोटारीत आमी सून बसवत न्हाई. मोटारीचा इमा उतरवा, कागद दाखवा, मंग खुशाल न्या. इमा उतरवलेली मोटार पडत न्हाई."

गेवराईच्या कुणा कापूसवाल्यानं त्यांना हे ज्ञान दिलंय. मी ऐकून हसले. मग दाजींकडे पाहिलं तर ते मान डोलावत होते. "बराबर बोलले व्याही. इमा म्हंजी सरकारी बंदोबस्त." तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

बैलगाडीचं नाव काढलं तर दोन्हीकडून नकार. व्याही म्हणतात, एवढ्या लांब पोटुशी बाई धक्के खात जायची नाही. दाजी म्हणतात, लेक बैलगाडीतून आणली तर केजात मिशी कुठं लपवू? दोघांची अब्रू राहू दे, मला माझी लेक घरी हवी आहे, आणि धडधाकट हवी आहे. एवढंच मागणं आहे.

तेव्हा विमा कितीला पडतो, किती प्रकारचा असतो, ते लिही. मोटार ड्रायव्हरच चालवतो, दाजी कधीमधी चाक हातात घेतात. अपघात म्हणशील तर दोन. एक तुला ठाऊकच आहे, दुसऱ्यात एक म्हैस दगावली, आणि म्हैसवालाही कबूल करतो की तीच आडवी आली.

दाजींना या पत्राची खबर नाही. उत्तर माझ्या नावानं धाड.

— अक्का


केज, कार्तिक वद्य एकादशी

गहिनीनाथ,

उत्तर नाही. टपाल बार्शीवरून येतं, उशीर होतो, हे मला कळतं. तरी रोज शिपायाची वाट बघते, आणि तो दिसला की उगाच घरात काहीतरी काम काढते. परवा धुतलेले हंडे पुन्हा धुतले.

एक नवी धास्ती लागली आहे, ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. दाजी खुशीत आहेत. विम्याचं नाव निघाल्यापासून मोटारीला रोज पुसतात. काल जेवताना म्हणाले, "इमा येऊ दे फकस्त. मंग बघ, तलवाड्याहून पोरीला घेऊन निघालो की ताशी चाळीस मैल. मधी कुठं थांबायचं न्हाई." मी म्हटलं, "अहो, विमा म्हणजे मोडल्यावर पैसे, न मोडण्याचा ताईत नव्हे." तर म्हणतात, "मोडणार आसती तर कंपनी पैशे कावून लावंल? कंपनी येडी हाय व्हय?"

यावरचं उत्तर तुला सुचलं तर लिही.

म्हणजे माझी गत बघ. विमा आला नाही तर लेक तलवाड्यातच राहते. विमा आला तर हे तिला घालून चाळीस मैलांनी निघतात.

ते वाईट नाहीत रे. तुला वाटतं तसे तर मुळीच नाहीत. त्यांचं जे होतं ते मी आता नीट पाहिलंय. बापापासून घरात घोडी. बीडच्या शर्यतीत त्यांच्यासारखा लगाम कुणी धरला नाही असं अजून लोक सांगतात. घोडं बुजलं की लगाम छातीशी खेचायचा आणि टाचा दाबायच्या, हे त्यांच्या अंगात मुरलंय. मोटारीत दचकले की हातांनी चाक छातीशी ओढतात आणि पाय गच्च दाबतात. पाय ज्या पट्टीवर असतो ती वेग वाढवायची. म्हणून ज्या क्षणी थांबायचं, नेमक्या त्याच क्षणी मोटार उधळते. वर तोंडानं "हो हो, हो राजा" चालूच.

चौसाळ्याच्या वळणावर तेच झालं. तू मागे बसला होतास. मोटार रस्ता सोडून शेतात शिरली, तू उडी मारलीस, पाय मोडला. मोटार पुढे ढेकळांत जाऊन आपोआप उभी राहिली, आणि दाजींना साधं खरचटलंही नाही. त्यांनी तेवढंच धरून ठेवलं. "गाडीला कायबी झालं न्हाई. बसून ऱ्हायला आसता तर पाय शाबूत आसता. भिऊन उडी मारली पठ्ठ्यानं." हे एकदा म्हणून भागलं असतं. पण भर पंगतीत, तू पाय लाकडाच्या पट्ट्यांत बांधून पाटाशेजारी बसलेला असताना, त्यांनी तुझ्या उडीची नक्कल करून दाखवली. लोक हसले. तू काठी उचललीस आणि ताटावरून उठून गेलास. तुझं ताट मी उचललं. त्यात पुरणपोळी अर्धी होती.

मी त्या दिवशी मधे बोलायला हवं होतं का, हे तू ठरव. माझ्या हातात तेव्हा तूप वाढायचं भांडं होतं.

उत्तर लिही. नाही म्हणायचं असलं तरी लिही.

— अक्का


केज, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

गहिनीनाथ,

तुझ्या कंपनीचं पत्र मिळालं. "श्रीमती तुळजाबाई देशमुख यांस, आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की." वा रे वा! ज्या बहिणीनं तुला कडेवर घेऊन बार्शीचा बाजार दाखवला, तिला कळविण्यात येते. खाली सहीसुद्धा "आपला विश्वासू". विश्वासू कसला, छापील आहेस तू. दोनदा पालथं घालून पाहिलं, मागे तरी "अक्का" लिहिलं असशील म्हणून. नव्हतं.

आणि चावडीच्या भिंतीची हकीकत तुला कुणी सांगितली? बरं, तीन अपघात. भिंत जुनीच होती.

मजकूर मात्र चांगला समजावून लिहिला आहेस. दाजी स्वतः चालवणार असतील तर हप्ता नेहमीच्या दुप्पट, तोही कलदार रुपयांत, शिवाय प्रत्येक मोडतोडीत पहिले पाऊणशे आमच्या पदरचे. आमच्या निजामी हाली शिक्क्यात मांडलं तर डोळेच फिरतात. एवढ्या पैशांत खिलारी जोडी येते, आणि ती जोडी निदान समोर विहीर दिसली की थांबते.

दुसरा प्रकार स्वस्त. आपली मोटार मोडली तर काही नाही, पण दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरणार. "दुसऱ्याची जनावरे, भिंत, अथवा हातपाय." हे टाइप करताना तुझी बोटं थांबली का रे? माझी वाचताना थांबली.

तिसरा प्रकार, परवाना असलेला पगारी ड्रायव्हर ठेवायचा, मालकानं चाकाला हात लावायचा नाही, आणि मग हप्ता चारचौघांसारखा. वर्षभर सुखरूप गेलं तर पुढच्या साली सूट.

मला तिसरा हवा आहे. आणि आता नीट ऐक. पैसे वाचतात म्हणून नको आहे. दुप्पट हप्ता भरून दाजी स्वतः चालवतील आणि व्याही कागद पाहून पोरगी खुशाल धाडतील, त्याचीच मला भीती आहे. तेव्हा तुझ्या कंपनीनं पहिले दोन प्रकार आम्हाला द्यायचेच नाहीत. तिसराच द्यायचा. अट ठळक घालायची, की मालक चाकावर बसले तर विमा रद्द. आणि हे कंपनीच्या डोक्यातून आलंय असं दिसू दे. माझं नाव कुठेही नको.

ड्रायव्हर मिळाला आहे. बंकट नाव. बीड-जालना सर्व्हिस मोटारीवर होता. आधीचे दोघे पळाले, कारण दाजी शेजारी बसून मधेच चाक हिसकावतात. बंकटला मी स्वच्छ सांगितलं की मालक मागे बसतील. तो म्हणाला, "मालक मागं बसनार? मंग मी बिनपगारी बी येतो, बाईसाहेब." पगार अर्थात ठरवलाय.

अर्जावर दाजींची सही घेऊन सोबत धाडते आहे. सही करताना ते कागद वाचत नाहीत. मोडीतली असोत की छापील, अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही.

दिवस भराभर जात आहेत. काल कौशल्येचा निरोप आला, "आई, मला कधी नेता?" एवढाच.

— अक्का


केज, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

गहिनीनाथ,

विम्याचा कागद पोचला. अट ठळक आहे. जरा जास्तच ठळक झाली.

दाजींनी या खेपेला वाचलं. म्हणजे दफ्तरातल्या कारकुनाकडून मोठ्यानं वाचून घेतलं, चारचौघांत, व्याह्यांना कागद दाखवण्याआधी आपल्याला माहीत असावा म्हणून. "मालकास दचकल्यावर लगाम खेचण्याची सवय असल्याने त्यांनी मोटारीचे चाक हाती घेऊ नये, घेतल्यास विमा रद्द समजावा." कारकून इथपर्यंत आला आणि त्याला खोकला सुटला.

अरे, अट घाल म्हटलं होतं, कारण कशाला लिहिलंस? की तुझीही थोडी हौस भागवून घेतलीस?

घरी आले ते थेट मोटारीच्या शेडमध्ये. उभ्या मोटारीत चाक धरून बसले. मी दाराशी गेले तेव्हा बोलू लागले. "मोटार माझी. तेल माझं. आन चाक बंकटचं? लगामाचं कंपनीला कुणी सांगितलं? सोलापुरात बसून कंपनीला माझे हातपाय दिसतेत व्हय? हे घरातून गेलंय." मी म्हटलं, "गेलंय." नाही म्हणायला जीभ वळली नाही, आणि वळवायचीही नव्हती. "मीच लिहिलं. गहिनीला लिहिलं. एकच लेक आहे मला."

तुझं नाव ऐकून ते नुसते चाकाकडे बघत राहिले. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. मीठ हवं असलं तरी बंकटला सांगतात.

आणि जायचं की नाही, ते काही सांगत नाहीत. सातवा महिना संपत आला. मी कौशल्येच्या बाळासाठी झबली शिवत बसते, टाके उसवते, पुन्हा घालते. तू जवळ असतास तर मुराळी म्हणून मामाच गेला असता, आणि हा सगळा तमाशा झाला नसता. हे तुला बोचावं म्हणूनच लिहिलंय.

— अक्का


केज, मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

गहिनीनाथ,

काल पहाटे गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पोरीसाठी मागं बसतो. तुज्यासाठी न्हाई, आन त्या कंपनीसाठी तर मुळीच न्हाई." फेटा बांधून, मिशा पिळून मागे बसले. बंकटनं मोटार सुरू केली तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या मी पाहिल्या.

आज यायला हवेत. दिवस कलला तरी वेशीकडून आवाज नाही. त्यांनी वाटेत चाक हिसकावलं असेल का? तुझी अट, माझी खटपट, सगळं त्या एका माणसाच्या गप्प बसण्यावर आहे, आणि गप्प बसणं त्यांच्या कुंडलीत नाही.

ओटी भरायचं सामान काढलं, पुन्हा झाकून ठेवलं. हे पत्र तुला धाडीन की नाही माहीत नाही. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहिते आहे.

भोंगा वाजला. थांब.


केज, मार्गशीर्ष वद्य द्वितीया

गहिनीनाथ,

कौशल्या घरी आली. धडधाकट आली, गालावर तेज चढलंय, आल्या आल्या चिंचा मागितल्या. आधी हे लिहिते म्हणजे पुढचं तू श्वास सोडून वाचशील.

तलवाड्यात बबनराव व्याह्यांनी विम्याच्या कागदाला हळदकुंकू लावलं आणि देवीचा अंगारा मोटारीच्या टपाला. सून पडद्यात नीट बसवून दिली. दाजी तिच्या शेजारी. बंकटनं मोटार इतकी हळू हाकली की एक सायकलवाला पुढे निघून गेला, असं कौशल्या सांगते. तरी दाजींचा जप सुरूच. "हळू रे. बैल हाय पुढं. आरं, वळण हाय, दिसतंय का तुला? हळू म्हनलं ना!" ज्यांना चाळीस मैल कमी पडत होते त्यांना पंधरा मैलांनी घाम फुटला. कौशल्येनं विचारलं, "आप्पा, बरं वाटत न्हाई का?" तर म्हणाले, "पोटात कसं तरीच हुतंय. चाक हातात नसलं की जमीन लई जोरात पळती."

नेकनूरच्या अलीकडे वळणावर समोरून कापसाची गाडी आली. बंकटनं मोटार कडेला घेतली, एक चाक रस्त्याखाली उतरलं, मोटार थोडी कलली. एवढंच. पण कौशल्या म्हणते, "आई, पडदा हलला, दार वाजलं, आन शेजारी आप्पाच न्हाईत!"

उडी मारली त्यांनी. थेट बोरीच्या जाळीत. बंकटनं दोन हातांच्या अंतरात मोटार थांबवली. कौशल्येला धक्काही बसला नाही. तिला आधी कळेना, मग ती इतकी हसली की बंकट घाबरला, बाईसाहेबांना काही होतंय की काय म्हणून.

दाजी मात्र हसले नाहीत. फेटा काट्यांत अडकलेला तसाच सोडून आले, दार उघडून आत बसले, आणि केज येईपर्यंत लेकीचा हात धरून ठेवला.

घरी आल्यावर मी तळव्यातले काटे काढत होते. अबोला अजून सुटला नव्हता. मग म्हणाले, "अगं, पोरगी आत हुती. आन मी उडी मारली." मी सुई थांबवली. "मारायची म्हनून मारली न्हाई. अंगच गेलं. इचार करायला सवडच न्हाई घावली." काटे संपले तरी हात पुढेच धरून बसले होते. "गहिनीचं बी आसंच झालं आसंल," म्हणाले. "आन मी त्याची पंगतीत नक्कल केली."

माझ्या डोळ्यांना धार लागली. दीड वर्ष जे ऐकायला कान टपून होते, ते असं बोरीच्या काट्यांतून निघेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "त्याला लिहू हे?" म्हणाले, "लिव. आन हे बी लिव, की पंगतीतल्या सगळ्यांना म्या सांगितलंय माझ्या उडीचं. नक्कल करून दावली." खरंच दाखवली, गहिनी. काल, एकादशीच्या पारण्याला बोलावतात तशी, माणसं मुद्दाम जेवायला बोलावली आणि ओसरीवरून अंगणात उडी मारून दाखवली. या वयात. कुणी हसलं नाही. मग ते स्वतःच हसले, तेव्हा सगळे हसले.

विम्याबद्दल एकच शंका उरली आहे, ती कंपनीला विचारून कळव. मालकानं चाकाला हात न लावता दारातून उडी मारली तर कलम कुठलं लागतं?

बाळाचं बारसं फाल्गुनात येईल. आजोबांची आज्ञा अशी, की मामाआजोबा आल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही. तुला आणायला दाजी सोलापूरला येणार आहेत. पुरुषाला न्यायला मुराळी जात नाही असं मी म्हटलं, तर म्हणतात, "जात नसंल. मी जातो." चौसाळ्याच्या वाटेनंच आणायचं म्हणतात.

मोटार बंकट चालवेल. दाजी मागे तुझ्या शेजारी बसतील. तुझ्या बाजूचं दार मोकळं ठेवायला सांगितलंय, तुला वाटलं तर कुठेही उतर. त्यांच्या बाजूचं दार तेवढं दोरीनं बांधून घेतलंय.

ये रे. चंद्राला ओवाळून ओवाळून मान दुखते आता.

— तुझी अक्का